झोपलेल्या पायाचा पहारा

मंदे,

तुझ्या बेसण्याला, इथल्या शोकसभेला, मी सगळ्यात मागे बसले होते. तुझ्या रमेशरावांनी आधी घरच्या घरीच काय ते उरकायचं ठरवलं होतं. पण अर्धी सुरत यायला निघाली, तेव्हा त्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे समाजाच्या वाडीतला हॉल घेतला, तुझ्या फोटोला हार घातला आणि पांढरे कपडे घालून बसून राहिले. लोक यायचे, हात जोडायचे आणि निघताना एकच वाक्य म्हणायचे. गुजरातीत, हिंदीत, मराठीत, वाक्य तेच. "सगळ्यांना झोपवून उठवणारी बाई, स्वतः मात्र दुपारची जेवून झोपली ती उठलीच नाही." प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्यालाच सुचलं. माझ्या कानात तुझा आवाज. "अहो, भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला सुरी लावून बघा, कसा टुणकन उठतो ते!" मला फस्सकन हसू आलं. तुझ्या जाऊबाईंनी वळून असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला, आणि त्यांना वाटलं मी रडतेय. नंतर खरंच रडले, ती गोष्ट निराळी.

फोटो मात्र चुकलाच. कुठल्या तरी लग्नातला, ओठ मिटलेला, खांद्यावर शालू. अशी गप्प तू कधी दिसलीस? मी रमेशरावांना म्हटलं, टोपीतला फोटो लावायचा होता. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या टोप्या तुला कधी आवडल्या नाहीत. पर्वत पाटियाच्या बाजारातून साड्यांचे उरलेले तुकडे आणायचीस आणि घरी मशीनवर टोप्या शिवायचीस. एकीवर पोपट, एकीवर केळी, एकीवर चमकीचे मोर. भुलीचं औषध नाकाशी धरताना पोरांना टोपीवरचे पोपट मोजायला लावायचीस, आणि एकाही पोराचे कधी मोजून झाले नाहीत. रमेशराव म्हणाले, "अहो डॉक्टरबाई, बेसण्यात पोपट बरे दिसतील का?" बरे दिसले असते.

मी नांदेडहून कतारगामच्या या हॉस्पिटलात आले, तो पहिला दिवस आठव. लहान मुलांची हाडं बसवणं, वाकडी सरळ करणं, हे माझं काम. एका मुलाच्या पावलाचं ऑपरेशन होतं. पोरगं गुंगीत गेलं, मी हात धुऊन आत आले, तर तू सोनोग्राफीचं मशीन लावून त्याच्या गुडघ्यामागे सुई घालत होतीस.

"काय करायलीस गं?" मी दारातूनच ओरडले.

"ब्लॉक देतेय. आणि 'करायलीस' काय? करतेस म्हण, नाहीतर आमच्या अमळनेरसारखं 'काय करी राह्यनी' म्हण. हे मधलंच काय काढलंस?"

ओळख नाही पाळख नाही, आणि पहिल्याच वाक्यात माझं मराठी काढलंस. मी तुला भुलाबाई म्हटलं, तू मला सुतारीण म्हटलंस, कारण माझ्या हत्यारांत छिन्नी आणि हातोडी होती. ती नावं कायमची चिकटली. आतल्या शांताबेन सिस्टरला तर बरेच दिवस माझं खरं नाव ठाऊक नव्हतं.

आपला वाद त्या दिवशी सुरू झाला तो तुझ्या शेवटच्या शनिवारपर्यंत चालू होता. तू आईबापांना किती सोपं करून सांगायचीस! पायाकडून डोक्याकडे एक तार जाते, दुखण्याची बातमी तीच नेते. पोर गुंगीत गेलं की मी मशीनवर बघून त्या तारेजवळ औषध सोडणार. ऑपरेशन झालं की पोर जागं होईल, खाईल, टीव्ही बघेल. पाय तेवढा झोपलेला राहील, तो सकाळी उठेल. आईबाप मान डोलवायचे. मी नाही डोलवायची. मी म्हणायची, मंदे, दुखणं हा माझा पहारेकरी आहे. ऑपरेशननंतर सूज येते, वरून प्लॅस्टर आवळतं, आत दाब वाढला की रक्त पोचत नाही आणि काही तासांत पायाचे स्नायू मरतात. ते होण्याआधी पोर कळवळून ओरडतं, म्हणून मी धावत जाऊन प्लॅस्टर कापू शकते. तू पहारेकऱ्यालाच गुंगीचं औषध पाजलंस तर चोर आला हे मला सांगणार कोण?

"पहारेकरी बसवायला तुला पोराचाच पाय सापडला?" तू म्हणायचीस. "त्यानं रात्रंदिवस रडायचं, कशासाठी, तर तुला बातमी मिळावी म्हणून. औषध मी हलकं देते, वरवरचं कळलं नाही तरी आतली मोठी कळ पोचतेच. बाकी पहाऱ्याला मी बसते ना!"

आणि खरंच बसायचीस, बाई. तुझं काम थिएटरच्या दारात संपायला हवं होतं. पण तू लोखंडी स्टूल ओढून पोराच्या पायथ्याशी बसायचीस, अंगठ्याचं नख दाबायचीस. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. गुलाबी व्हायला किती वेळ लागला ते बघायचीस, बोटांना हाताची पाठ लावून थंड की गरम ते पाहायचीस, "अंगठा हलव रे" म्हणायचीस. मध्येच घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावून परत यायचीस. तू बसलीस म्हणून मी ब्लॉकला हो म्हणायची. पटलं म्हणून नव्हे, हे आजही सांगते. नडगीचं हाड मोडलेलं पोरगं आलं की मात्र मी ठाम नाही म्हणायची, कारण तिथे दाब वाढायचा धोका मोठा. मग तू दोन दिवस माझ्याशी बोलायची नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी डब्यातून बिबडे आणून माझ्यासमोर आपटायचीस. ज्वारीचे तुझे ते वाळवलेले बिबडे मी भांडणापायी जितके खाल्ले तितके अख्ख्या खानदेशात कुणी खाल्ले नसतील.

दुखणं ओळखण्याची तुझी युक्ती तर कुठल्याच पुस्तकात नाही. भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता आहे, पोरानं बोट ठेवून सांगायचं की किती दुखतं. तू म्हणालीस, ही आपली पोरं तक्त्यावर उगीच बोट ठेवतात, मधला चेहरा आवडला की तोच दाखवतात. तू त्यांची भाषा ऐकायचीस. आईबाप शिरपूरचे, नंदुरबारचे, जळगावचे. पोरं मात्र सुरतेत जन्मलेली. गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी, घरात आजीशी अहिराणी. "पोरगं गुजरातीत बोलतंय तोवर मला काळजी नाही," तू म्हणायचीस. "दुखायला लागलं की ते गुजराती विसरतं, हिंदी विसरतं, आणि सरळ आजीच्या भाषेत येतं." मी हसले होते. मग वॉर्डात कान देऊन ऐकलं. "टीवी चालू करो ने" म्हणणारं पोर औषध उतरलं की "माय व, दुखस व" वर यायचं, आणि सिस्टर तक्ता न बघता औषध घेऊन धावायची. आता आमच्या वॉर्डात नवी सिस्टर आली की तिला आधी हे शिकवतात.

खुशीचं पहिलं पाऊल आठवतं? आठवणारच. आठ वर्षांची पोरगी, जन्मापासून दोन्ही पावलं आत वळलेली. तान्ही असताना प्लॅस्टर लावून सरळ केली होती, पण गावी गेल्यावर रात्री घालायचे बूट सुटले आणि पावलं पुन्हा वळली. बाप पर्वत पाटियाला साड्यांच्या गोदामात, आई घरी साड्यांना लेस लावते आणि मांडीवर धाकटं. म्हणून हॉस्पिटलात खुशीजवळ आजी, सुभद्राआजी. मी ठरवलं होतं, आधी उजवं पाऊल, ते बसलं की काही महिन्यांनी डावं.

त्या दुपारी तू नखं बघायला वॉर्डात शिरलीस आणि मी मागून. सुभद्राआजीनं खाली चहावाल्याकडून स्टीलच्या बाटलीत उकळतं पाणी भरून आणलं होतं, बाटली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली होती आणि ती खुशीच्या उघड्या बोटांना लावायला निघाली होती. पावलाला हात लावला तर पोरीला कळत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. म्हातारीचा समज झाला की पाय थंड पडला, आता शेक द्यायला हवा. दुखऱ्या पायाला शेक, हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळतं. जागी असलेली पोर चटका बसताच पाय ओढून घेते. झोपलेला पाय कसला ओढतोय!

माझ्या तोंडून आरडाओरडा निघणार होता. तू माझं मनगट धरलंस.

"पाय बरफ व्हई गया व माय," आजी रडकुंडीला आली होती. "चिमटा लिधा तरी पोरले समजस नही."

"आजी, पाय मरना नही. झोपेल शे. सकायले उठी," तू म्हणालीस.

"मंग जरासा शेक दिधा ते काय व्हई?"

"भाजाई जाई, आनि पोरले कळाव बी नही." असं म्हणून तू अलगद बाटली काढून घेतलीस आणि म्हातारीच्या पाठीमागे सरकवलीस. "हाई तुम्हना कंबरले लावा. सकायपासून उभ्या शेतस ना?"

म्हातारीनं डोळे मिटले. कंबरेला इतकं बरं वाटलं की ती पलंगाला टेकून तिथेच पेंगली. दुसऱ्या दिवशी तू घरून लाल लेसची रुंद पट्टी घेऊन आलीस. तेव्हापासून ज्याचा पाय किंवा हात झोपलेला, त्याला लाल लेस. लेस आहे तोवर शेक नाही, तेल नाही, चोळणं नाही. पाय जागा झाला की पोरानं स्वतः गाठ सोडायची. सुरतेच्या आयांना लेसची भाषा वेगळी शिकवावी लागली नाही. पोरी तर ती लेस घरी नेऊन बाहुलीला साडी करतात.

आता पुढचं सांगते, जे तुला माहीत नाही.

खुशीच्या डाव्या पावलाची तारीख तू होतीस तेव्हाच ठरलेली होती, आणि ती तुझ्या बेसण्याच्या पाठोपाठ आली. मी पुढे ढकलणार होते. पण बापानं सुट्टी मिळवलेली, आजी गावाहून मुद्दाम आलेली. तपासायच्या खोलीत खुशी आली ती उजव्या पावलावर सपाट उभी राहून, बूट दाखवत. मी मनात वाक्य घोळवत होते की मंदामॅडम बाहेरगावी गेल्यात. तू असतीस तर मला तिथेच झापलं असतंस. तू पोरांशी खोटं बोलायची नाहीस, "दुखणार नाही" असंसुद्धा कधी म्हणायची नाहीस. पण पोरगीच म्हणाली, "मंदामॅडम वारल्या ना? आजीनं सांगितलं." मी मान हलवली. ती थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या हाडांच्या सापळ्याशी खेळत राहिली आणि मग तिनं गुजरातीत विचारलं, "तो हवे मारो पग कोण सुवडावशे?"

आता माझा पाय कोण झोपवणार. तिला एवढंच हवं होतं.

तुझ्या जागी जिग्ना आहे. तुझ्या हाताखाली तयार झालेली, हात तुझ्यासारखाच हलका, पण स्वभाव असा की तिनं शिंकसुद्धा परवानगी घेऊन द्यावी. मी तिला म्हटलं, "डाव्या पावलाला ब्लॉक नको. तोंडानं आणि सलाईनमधून औषधं दे, भागवू." तुझ्याशिवाय पहाऱ्याला कोण बसणार, हे माझ्या डोक्यात होतं. ते मी बोलले नाही. फक्त नको म्हटलं.

"जी मॅडम," जिग्ना म्हणाली. "वांधो नहीं."

मंदे, इतकी वर्षं भांडले, त्यात पहिल्यांदा मी सरळ जिंकले. आणि मी जाऊन शांताबेनच्या स्टुलावर बसले. नांदेडला असताना मी ऑपरेशन झालं की वॉर्डातून लवकर निघायची, रडणं ऐकवायचं नाही म्हणून. तू आलीस आणि मी वॉर्डात रेंगाळायला लागले, पोरांचे लाडू खायला लागले, हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्यामुळे माझं काम मला आवडायला लागलं, हे तरी म्हणायला काय झालं होतं? पण तू ताबडतोब "म्हणजे ब्लॉक पटला ना?" म्हणून अंगावर आली असतीस, म्हणून नाही म्हटलं.

ऑपरेशनच्या सकाळी खुशी बाहेर आजीच्या मांडीवर होती आणि जिग्ना आत औषधं भरत होती. मला राहवलं नाही.

"जिग्ना, मी ब्लॉक नको म्हटलं तेव्हा तू का नाही विचारलंस, का नको म्हणून?"

"आप सीनियर हो, मॅडम."

"मंदानं तुला हेच शिकवलं?"

ती खाली बघत म्हणाली, "नहीं. मंदामॅडमने बोला था, ये बाई पहले ना बोलेगी. उसको चिल्लाने दे. वो चिल्लाके थक जाए, तब तक तू मशीन चालू करके रख."

शांताबेन तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळल्या.

"मग? केलंस का मशीन चालू?"

"मॅडम," जिग्ना अगदी रडवेली झाली, "आप चिल्लाए ही नहीं. आपने धीरे से ना बोला. तो मुझे लगा, ये सच्चीवाला ना है."

मी ओरडले, मंदे! अशी ओरडले की बाहेर सुभद्राआजीनं "काय व्हयनं व माय?" म्हणून दार लोटलं. तुझ्या नावानं ओरडले, जिग्नाच्या नावानं ओरडले, दाब वाढला आणि कळलं नाही तर पोरीचं पाऊल कोण भरून देणार, म्हणून ओरडले, आणि मध्येच डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ओरडतच राहिले. कोपऱ्यात जिग्नानं हळूच मशीनचं बटण दाबलं. पडदा उजळला. तेव्हा मी गप्प झाले आणि हात धुवायला गेले.

खुशीला आत आणलं. जिग्नाच्या डोक्यावर तुझी पोपटांची टोपी होती, रमेशरावांनी दिलेली. खुशी मोजायला लागली, आणि तिचेही मोजून झाले नाहीत. जिग्नानं सुई अशी नेली की तूही मान डोलवली असतीस, आणि मग माझं काम मी केलं. पाऊल छान आलं, मंदे. समोर बघणारं, सपाट.

दुपारी लोखंडी स्टूल मी ओढलं. माझी बाहेरची तपासणी दुसऱ्या डॉक्टरवर सोपवली तेव्हा तो चक्रावलाच. सर्जन पायथ्याशी बसलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. सुभद्राआजीनंही मला दोनदा निरखलं. "तुम्ही बठशात?" तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं, "मंदाबाईंची पाळी आहे, त्यांच्या बदली आलेय." म्हातारीला हे लगेच पटलं. तिनं मला पिशवीतून मूठभर शेंगदाणे दिले.

नख दाबलं, पांढरं. सोडलं, गुलाबी. हे तू कसं करायचीस गं तासन्‌तास? कंटाळवाणं काम आहे. खुशीला गप्पा हव्या होत्या. तिनं मला तिच्या शाळेतल्या भांडणाची पूर्ण हकिगत गुजरातीत ऐकवली, कोण कोणाशी कट्टी आहे ते सांगितलं, आणि "मने भूख लागी छे" म्हणून आजीकडून केळं घेतलं. पाय लाल लेस बांधून उशीवर मुकाट पडला होता.

चहाच्या वेळेला बोटं फुगीर दिसायला लागली. मी नख दाबलं, सोडलं. गुलाबी झालं, पण रेंगाळत झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. बोटांना हात लावला तर दुपारपेक्षा गार. आणि पोरगी खुशाल केळं खात मला विचारत होती, तुमच्या वर्गात कोणी कट्टी करायचं का म्हणून. हाच तो चोर, आणि पहारेकरी झोपलेला, असं वाटलं. मी जिग्नाला हाक मारली.

तिनं पाहिलं, पाय आणखी उंच केला. "मॅडम, नॉर्मल सूजन है. थोडी देर देखते हैं ना."

"थोडी देर नाही. कटर आण."

"मॅडम, पाँव की पोझिशन हिल गई तो?"

तिचंही खरं होतं. नुकतं बसवलेलं पाऊल प्लॅस्टर सैल केलं की सरकू शकतं, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी एका हातानं पाऊल जागेवर धरलं आणि दुसऱ्या हातानं कटर चालवला. दोन्ही बाजूंनी, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. कटरचा आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं. खुशीला मात्र मांडीवर गुदगुल्या होत होत्या आणि ती खिदळत होती, "आ तो भमरो छे!" म्हणत होती, कटर म्हणजे तिला भुंगा वाटला. म्हातारी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मी प्लॅस्टर थोडं उघडलं आणि वाट बघितली. मग नख दाबलं. सोडलं. गुलाबी, झटकन. पुन्हा दाबलं, पुन्हा झटकन. बोटं ऊन झाली. पाऊल जागच्या जागी होतं.

"ऐसे भी हो जाता, मॅडम," जिग्ना हळूच म्हणाली.

"झालं नसतं," मी म्हटलं.

झालं असतं की नसतं, कोणालाच कधी कळणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, पोरीला कळवळायला न लावता कळलं ना तुला! मी म्हटलं असतं, मी बसले होते म्हणून कळलं. आणि मग तू कंबरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, अगं सुतारणी, मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?

मी घरी गेले तेव्हा जिग्ना स्टुलावर होती. सकाळी मी वॉर्डाच्या दारात पोचले आणि आतून ऐकू आलं, "माय व, दुखस व." इतकं काही मोठ्यानं नाही. औषध तयारच होतं, सिस्टरनं लगेच दिलं. खुशीनं अंगठा हलवून दाखवला, स्वतः लेसची गाठ सोडली. सुभद्राआजी तर "पाय उठना, पाय उठना" म्हणत साऱ्या वॉर्डात गूळ वाटत सुटली. नातीचा पाय दुखायला लागला म्हणून गूळ वाटणारी आजी तू पाहायला हवी होतीस. मी दोन खडे घेतले, एक तुझ्या वाटचा. दोन्ही मीच खाल्ले.

मला तुझी आठवण येते, मंदे. चहाच्या वेळी फार येते. डबा उघडून तू "काय करायलीस?" असं माझ्याच भाषेत मला चिडवायचीस, ते कोणी चिडवत नाही. जेवताना कोणी माझ्या ताटातलं उचलत नाही. वाईट वाटतं आणि त्याच वेळी इतकं हसू येतं की कोणी बघितलं तर मला घरी पाठवतील. तुझ्यासारखी मैत्रीण एवढी वर्षं रोज सकाळी भांडायला मिळाली, याहून चांगलं नशीब मी कुठून आणणार होते?

काल एक मुलगा आला. इच्छापोरच्या बाजूला कारखान्याच्या वसाहतीत सायकलवरून पडलेला, नडगीचं हाड मोडलेलं. माझं मत तुला पाठ आहे. मी आत गेले आणि म्हटलं, "नडगी आहे. ब्लॉक नाही."

जिग्नानं औषधाची सिरिंज खाली ठेवली. "क्यों नहीं?"

शांताबेनच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

मी सांगितलं का नाही. तिनं सांगितलं का हो. हलकं औषध देईन म्हणाली, खरं दुखणं त्यातूनही कळतं म्हणाली, खुशीच्या परवाच्या पावलाचा विषय काढला. मी म्हटलं परवाचं पाऊल माझ्या बाजूनं साक्ष देतं. ती म्हणाली माझ्या बाजूनं देतं. मी आवाज चढवला. तिनंही चढवला, मंदे, या पोरीनं! हिंदी सोडून सरळ गुजरातीत आली. कोणीतरी दारातून विचारलं, पेशंटला आत घेऊ का, तर आम्ही दोघी एकदम ओरडलो, "थांबा!"

शेवटी काय ठरलं ते तुला सांगणार नाही. सांगितलं तर तू तिथून मध्ये बोलशील, आणि आमचं भांडण अजून संपलेलं नाही.